उस्तादांनी ‘बस’ म्हटलं नाही

उस्तादांचा हातघाईच्या लढाईचा वर्ग कायमचा बंद पडला. पण तसं काही झालेलंच नाही असं धरून चला, कारण एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर लष्करातून निवृत्त झालेले उस्ताद आणि त्यांची उरलेली एकमेव विद्यार्थिनी, शिवणकाम करणाऱ्या मावशी, तेच धरून बसले होते.

“उस्ताद, खांदा खाली आलाय हो तुमचा.”

“येईल वर. येत्या रविवारी कुणी आवळलेला गळा सोडवायला शिकवतो.”

“दुखलं की ‘बस’ म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“विद्यार्थ्यांना शिकवलं.”

“मी आपली तुमचा हात पिळतेय, पिळतेय, ओली चादर पिळावी तशी! म्हणायचं ना!”

“मावशी, उस्तादाला ‘बस’ म्हणायला लावलं की माणसाला वाटतं, झालं शिक्षण. पोस्टमन असाच गेला. दोघी नर्स गेल्या. आता सगळे सभागृहात आपल्या वर्गाच्या खालच्या मजल्यावर नाचतात.”

“नाचात निदान कुणी कुणाला आपटत नाही.”

“तुम्ही खाली चौकशी करून आलात?”

“सहज हो. जिन्यातच लागतं ते.”

“मावशी!”

“आधी आत जा, तुम्हाला बोलावतायत.”

“नाही जात. माझा उजवा गेलाय, तुम्ही लिहा. सभागृहाच्या व्यवस्थापकांना.”

“बरं, सांगा.”

“‘सदर विद्यार्थिनीने शिक्षकाचा खांदा निखळवला असला, तरी तो निव्वळ योगायोग होता. सबब, तिला कायमस्वरूपी नापास ठेवण्यात यावे व नृत्यवर्गात प्रवेश देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’”