पोकळ जागा

भोकरदनच्या बसमध्ये प्रभावतीच्या पुढच्याच सीटवर तळ्यावरचा नावाडी भारत आणि फायबरचं काम करणारा महेमूद बसले होते.

"महेमूदभाई, नावेच्या बैठकीत सामानाचा कप्पा कापायला बोलावलं, तर हत्यारं टाकून का पळाले तुम्ही?"

"कापायच्या आधी दोनदा ठोकून पोकळ जागा बघतो मी. ठोकलं, तर आतून दोनदा वाजलं."

"मासा असंल."

"चहूकडून बंद फायबर, भारतभाऊ! मासा जाईल कुठून? तरी कापलं. आत बिलकुल कोरडं, रिकामं. ते बघूनच पळालो."

"मंग झालं की."

"न्हाई ना. तवापासून माझ्या घराचं दार दोनदा वाजतं."

"उघडू नका."

"काल बायकोनं उघडलं. बाहेर कोणीच न्हाई."

"मंग?"

"सकाळपासून ती घरातल्या भिंती ठोकून राह्यली. दोनदा ठोकते आन् कान लावून बसते."