बाळंतिणीचा रस्सा

“या घरात आता मटन शिजनार नाही म्हंजे नाही!” आमचे हे मागच्या दारात आडवे बसले होते. महिन्याभरापूर्वी गळ्यात माळ घालून आले आणि मटण सोडलं, ते चांगलंच केलं. पण निघाले सगळ्या घराला सोडायला लावायला! इकडे मलकापूरची लेक बाळंत होऊन दहा दिवस झालेले, अंगात रक्त नाही. आमच्यात बाळंतिणीला बोकडाच्या पायांचा रस्सा देतात. तो मी परसात, वेगळ्या चुलीवर चढवला होता.

“मुक्या जनावराचा जीव जाते, तुले काही वाटते का?”

“वाटते ना. पन पोरीचं तोंड पाहा, कसं पांढरं पडलं.”

“मंग तिले डाळीचं पानी दे.”

“तुमाले काऊन नाही चाललं इतके वर्षं डाळीचं पानी?”

“तवा मले समज नव्हती.”

आतून लेक हसली. मी पळी यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “म्या जन्मात मटनाचा तुकडा तोंडात घातला नाही, तरी चाळीस वर्षं तुमाले रांधून घातलं, आता तुमी न खाता लेकीले रांधून घाला.”