वर्तणुकीचा रकाना

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मिस्त्री, सौ. वहिनी, आणि स्वतःच्या किंवा आमच्या कार्यशाळेतल्या पायांवर चालत आलेल्या बंधुभगिनींनो,

मिस्त्रींनी एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवले. त्यांच्या हातांबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी त्यांच्या तोंडाबद्दल बोलणार आहे. वहिनी मान डोलावताहेत, म्हणजे विषय बरोबर निवडला.

मी गावच्या शाळेत शिकलो. आमचे मास्तर वर्गात हसणाऱ्याला आधी 'थिल्लर' म्हणायचे, मग छडी उचलायचे. हसतो तो थिल्लर, एवढाच अर्थ घेऊन मी इथे व्यवस्थापक म्हणून रुजू झालो.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. समोरच्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापिका बाई तेव्हा आपल्याकडे आल्या होत्या. अपघातात पाय गेलेला. नव्या पायाकडे बघायलाही तयार नव्हत्या. मी रोज जाऊन हात जोडून धीर द्यायचो, त्या भिंतीकडे तोंड करायच्या. एके दिवशी मिस्त्री आत आले नि कोपऱ्यात टेकवलेल्या नव्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, हा विद्यार्थी आठ दिवस कोपऱ्यात उभा आहे. आता तरी वर्गात घ्या."

मला वाटलं, पाय गेलेल्या बाईशी असं बोलतं का कुणी? त्याच दुपारी मिस्त्रींचा गोपनीय अहवाल भरायचा होता. वर्तणुकीच्या रकान्यात मी लिहिलं, 'थिल्लर'. संध्याकाळच्या टपालाने कागद वर गेला.

त्या एका शब्दाने मिस्त्रींची बढती दोन वर्षं अडली. कार्यशाळा-प्रमुखाला तळमजल्यावरचं घर मिळतं, तेही अडलं. वहिनी दुखरे गुडघे घेऊन दोन वर्षं तीन जिने चढल्या. कुणामुळे, हे आजवर कुणी सांगितलं नाही. माझ्यामुळे, वहिनी.

अहवाल गेल्यावर दहा दिवसांनी मी सरावाच्या खोलीच्या दारात उभा होतो. बाई दोन्ही बाजूंच्या दांड्या घट्ट धरून उभ्या. मिस्त्री काहीतरी पुटपुटले, आणि बाई गरजल्या, "थिल्लर कुठला! थांब, कानच पिळते तुझा." मिस्त्री मागे सरकले, बाई त्यांच्या मागे. पाचव्या पावलाला बाईंच्या लक्षात आलं, दांड्या केव्हाच सुटल्यात. मला मात्र वेगळंच दिसलं. मिस्त्रींचं तोंड चालू होतं, पण नजर बाईंच्या गुडघ्यावर खिळलेली, आणि दोन्ही हात झेलायला पुढे.

समोरच्याचं दुखणं ज्याला दिसतच नाही, त्याच्यासाठी तो शब्द असतो. मग माणूस पुरता न बघता दोन मिनिटांत रकाना भरणाऱ्याला काय म्हणायचं? मी पत्र पाठवून शब्द मागे घेतला, पण निर्णय होऊन गेला होता. मिस्त्रींना सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, धीर झाला नाही. सकाळी देवापुढे हात जोडले की आधी तो रकानाच आठवतो.

असो. भाषण लांबलं. संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात झालं ते मिस्त्री आणि वहिनींनी ठरवावं.

मिस्त्री हसताहेत. पण नजर माझ्या गुडघ्यांवर आहे. म्हणजे आता खाली उतरायला हरकत नाही.