जिन्यातला फोन

सून : ...आणि आता चार महिने झाले. एका घरात राहतो, एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो, पण एकमेकींशी अवाक्षर नाही. काही सांगायचं असलं की मुलीला मध्ये घालायचं. आजीला विचार, चहा हवाय का. आईला सांग, नळाचं पाणी गेलंय. नऊ वर्षांची पोर निरोप घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते.

सासू : मी बोलणं थांबवलं नव्हतं. हिने थांबवलं.

समुपदेशक : काकू, तुमचंही ऐकायचंय मला. यांचं झालं की तुमची पाळी.

सासू : म्हणजे इथेही रांग आहे, डॉक्टरीणबाई.

समुपदेशक : मी डॉक्टर नाही. मी गोळ्या देत नाही, सुई टोचत नाही. माझ्याकडे या तीन खुर्च्या आणि पन्नास मिनिटं, एवढंच.

सासू : त्यातली ही एक खुर्ची डुगडुगतेय.

समुपदेशक : माझी घ्या. ...हां. आता मला सांगा, चार महिने गेले तसे पुढचेही गेले असते. मग आत्ताच का आलात?

सून : मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अभ्यासाची काही तक्रार नाही. पण वर्गात कुणाचं काही पडलं, सांडलं, चुकलं, की ही उठून माफी मागते. परवा वाऱ्याने खिडकी आपटली तरी मागितली. बाईंनी विचारलं, अगं, तू कुठे काय केलंस? तर म्हणाली, मी काही नाही केलं, पण कुणी रागावू नये म्हणून.

समुपदेशक : हे ऐकून तुम्हाला काय झालं?

सून : तशीच कामावर गेले. मी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेते, दिवसाला साठ-सत्तर जणांचे. अकरा वर्षांत माझी सुई चुकली नाही. त्या दिवशी एका आजोबांना दोनदा टोचावं लागलं. तेच उलट मला धीर द्यायला लागले. तिथल्या तिथे ठरवलं, आता बास. घरी गेले आणि चार महिन्यांनी आईंशी पहिलं वाक्य बोलले, की बुधवारी चारला तयार राहा, आपल्याला एके ठिकाणी जायचंय.

सासू : मला वाटलं, वृद्धाश्रम दाखवायला नेतेय. ही बघा, औषधांची पिशवी बरोबर घेऊनच निघाले.

सून : असं वाटलं तुम्हाला?

सासू : कुठे जायचंय ते सांगितलं नाहीस. मग माणसाने काय समजायचं?

समुपदेशक : आणि तरीही आलात.

सासू : आले. नेलंच असतं तर भांडून परत आले असते.

समुपदेशक : चार महिन्यांपूर्वी काय झालं, ते कोण सांगतं?

सून : मी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा, म्हणजे यांचा मुलगा, घर सोडून गेला. दुसऱ्या गावी, दुसऱ्या बाईबरोबर राहतो. जाताना आईंना म्हणाला, तूही चल. या नाही गेल्या. नातीला सोडून मी कुठेही यायची नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं. मला इतका आधार वाटला होता तेव्हा. लोक विचारायचे, तुम्ही दोघी एकत्र कशा राहता? मी ठणकावून सांगायचे, आमचं छान चाललंय. आणि चार महिन्यांपूर्वी मोबाईलवर त्याचा निरोप आला. आई म्हणते, तू हल्ली स्वयंपाकघरात एकटीच रडत बसतेस. तब्येतीला जप. ...तब्येतीला जप म्हणे. मग कळलं, दर रविवारी दूध आणायच्या निमित्ताने आई खाली जातात आणि जिन्यात बसून त्याला फोन करतात. दोन वर्षं.

सासू : माझा मुलगा आहे तो.

सून : मी कधी नाही म्हटलं?

समुपदेशक : काकू, यांनी आत्ता जे सांगितलं, त्यातलं तुम्हाला काय ऐकू आलं? तुमचं उत्तर मला नंतर हवंय. आधी फक्त यांचं म्हणणं, तुमच्या शब्दांत.

सासू : पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. कान शाबूत आहेत माझे.

समुपदेशक : मग सांगा.

सासू : मी मुलाशी बोलते ते हिला खपत नाही.

सून : मी असं म्हटलंच नाही.

समुपदेशक : मग काय म्हटलंत? छोट्या वाक्यात सांगा.

सून : माझं रडणं माझं होतं. ज्याने रडवलं त्याच्याच हातात तुम्ही ते नेऊन दिलंत.

सासू : मला नाही जमायची ही पोपटपंची. मी बाहेर बसते.

(सासू उठून जाते.)

सून : गेल्या. मला वाटलंच होतं. आता आठवडाभर जेवायच्या नाहीत.

समुपदेशक : दार लोटलं नाही त्यांनी. जरा थांबू या. तुम्हीही मागे जाऊ नका.

सून : मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा ऐकावं. माफी बिफी नको.

समुपदेशक : ते त्यांना सांगितलंत कधी?

सून : नाही. बोलायचं नाही असं ठरवल्यावर तेही राहिलंच.

सासू : (परत येत) ...बाहेर बाकावर एक जोडपं बसलंय. तरणी पोरं, आणि एकमेकांकडे पाठ. बघवेना. सरका, बसू द्या. ही म्हणाली, हिचं रडणं हिचं होतं. ते मी त्याला नेऊन दिलं. असंच ना?

सून : हो, आई. असंच.

समुपदेशक : आज एवढं पुष्कळ झालं.

*

सासू : आज आमची इथली चौथी खेप. गेल्या दोन्ही वेळा तुम्ही विचारलंत, की मुलाला सांगावंसं का वाटलं, आणि मी दोन्ही वेळा टोलवलं. आज सांगते. फक्त मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझा धीर जाईल.

समुपदेशक : कुणी नाही बोलणार.

सासू : एक्स्चेंजमध्ये आमचा एक नियम होता. लाइन जोडली की आपला कान काढून घ्यायचा. चुकून काही ऐकलंच तर पोटात ठेवायचं. पस्तीस वर्षांत मी तो मोडला नाही. घरात मोडला. दर रविवारी तो विचारायचा, कशी आहे ती? मी म्हणायचे, बरी आहे. बरी म्हटलं की त्याचा आवाज हलका व्हायचा, मग हवापाण्याच्या गप्पा. मला ते सहन होईना. इकडे ही भांडी घासता घासता डोळे पुसायची, आणि तिकडे तो मोकळा. एका रविवारी म्हटलं, कळू दे याला. पोटात तुटेल, येईल परत. मला तो परत हवा होता हो. हिच्यासाठी, पोरीसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी. झालं. एवढंच होतं.

सून : आई, मला तो परत नकोय.

सासू : रागाने म्हणतेस.

सून : नाही. पहिलं वर्ष हवा होता. तेव्हा दारावर थाप पडली की धावत जायचे. आता समोर येऊन उभा राहिला तर पाणी देईन, पोरीला भेटवीन, आणि विचारीन, किती वाजता निघणार.

सासू : मग स्वयंपाकघरात रडत का होतीस?

सून : दमून. दिवसभर उभं राहायचं, मग पोरीचा अभ्यास, तुमचे डोळ्यांचे थेंब, वाणसामान. आणि सारखं वाटायचं, एक दिवस तुम्हीसुद्धा मुलाकडे जाल. आईच ती, कधीतरी जाणारच. मग या घरात मी आणि पोर. ते मनात आलं की बांध फुटायचा.

सासू : मी जाईन? मी तर तू कधी जा म्हणतेस त्याची वाट बघत होते. घर तुझ्या नावावर. ज्याच्यामुळे तू माझी सून, तोच निघून गेला. मग मी तुझी कोण लागते? रोज सकाळी तुझ्याआधी उठून कणीक मळून ठेवायचे, म्हटलं, उपयोगाची आहे तोवर ठेवेल.

सून : मला वाटायचं, तुम्हाला माझ्या हातची कणीक आवडत नाही.

सासू : ती नाहीच आवडत. सैल मळतेस. पण ते कारण नव्हतं.

समुपदेशक : हे दोघींनी याआधी कधी एकमेकींना सांगितलं होतं?

सासू : कशाला सांगतोय. आमचं बोलणं डाळ शिजली का, गॅस बंद केलास का, एवढंच.

समुपदेशक : आता सांगितलंत. पुढे काय करायचं ते मी ठरवणार नाही. तुमच्यात कसं चालावं असं तुम्हाला वाटतं?

सून : मी सांगू? आई, फोन करायचा तर उघड करा. जिन्यात गार फरशीवर बसून गुडघे धरतात तुमचे. तुमच्या खोलीत बसा, दार लावा. मी ऐकणार नाही. फक्त माझ्याबद्दल एक शब्द नाही. चांगला नाही, वाईट नाही.

सासू : त्याने विचारलं तर?

सून : म्हणायचं, तिलाच विचार.

सासू : आणि पोरीबद्दल?

सून : ते सांगा. बाप आहे तिचा.

सासू : कबूल. ...आणि तुझं रडणं त्याला सांगितलं, ते माझं चुकलं. मी तुझ्या भल्यासाठी केलं असं म्हणणार होते, पण तेही पूर्ण खरं नाही. चुकलं.

सून : पाणी घ्या आई. हा ग्लास.

*

समुपदेशक : आठवी वेळ ना ही? मुलीशी बोलायचं होतं तुम्हाला. बोललात?

सासू : बोललो. शनिवारी दुपारी, तिघी टेबलाशी बसून. इथे तुमच्यासमोर तालीम केली होती तरी ऐन वेळी मी विसरले. मी म्हणणार होते, सगळं ठीक आहे हं बाळा. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

सून : इथे तुम्हीच सांगितलं होतंत, ठीक आहे म्हणू नका, काय झालं ते सांगा. म्हणून मी सांगितलं, की आजी आणि मी एकमेकींवर रागावलो होतो. बाबामुळे. त्यात तुझा काही दोष नव्हता, आणि तुला निरोप द्यायला लावले ही आमची चूक होती.

समुपदेशक : मग?

सून : तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, आता निरोप कोण देणार? म्हटलं, आम्ही आमचं बोलू. तर म्हणाली, मग मी काय करू?

सासू : मी म्हटलं, खेळ. तर तशीच बसून राहिली बिचारी. रिकामी झाल्यासारखी. मला फार लागलं ते. माझ्याच नातीला मी नोकरीला ठेवलं होतं.

समुपदेशक : तो दिवस अवघड गेला असेल.

सून : नंतरचा आठवडा जास्त गेला. सगळं गुळगुळीत झालं असं समजू नका. मंगळवारी आमचं पुन्हा वाजलं.

सासू : पडदे धुण्यावरून. हिने न विचारता माझ्या खोलीतले काढले.

सून : दोन दिवस तोंडं फिरवून होतो. आणि सवयीने मी पोरीला म्हटलं, आजीला सांग, जेवायला या. तर ती पुस्तकातून मान वर करून म्हणाली, मी निरोप देणार नाही. तुम्ही ठरवलंय तसं. आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

समुपदेशक : माफी मागितली?

सासू : अजिबात नाही. दार जरा जोरातच लावलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या, एकीच्या हातात डाव, एकीच्या हातात झाकण. शेवटी मीच म्हटलं, पडदे चांगले निघालेत, पण आधी विचारत जा.

सून : मी म्हटलं, विचारीन. आणि जेवायला बसलो. एवढंच झालं.

समुपदेशक : एवढंच करायला पुष्कळ बळ लागतं. शाळेत कशी आहे ती?

सून : बाई म्हणाल्या, अजून मागते माफी कधीकधी. पण आता कुणी तिला, तू काय केलंस, असं विचारलं की थांबते, विचार करते आणि खाली बसते.

समुपदेशक : वेळ द्या तिला. आता आपण महिन्यातून एकदा भेटलो तरी चालेल असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सून : चालेल. अडलं तर आम्ही मधे येऊ.

सासू : मला एक विचारायचंय. पुढच्या आठवड्यात मी एकटी आले तर?

समुपदेशक : यायला काहीच हरकत नाही.

सून : का हो, आई? माझं काही राहिलंय का?

सासू : तुझं काही नाही, अगं. मला माझ्या मुलाबद्दल बोलायचंय. त्याला शिव्या घालायला नाही. लहानपणी कसा होता, कशाला हसायचा, ते. तुझ्यासमोर बोलले तर तुला खुपेल, आणि खुपावं असं नाही मला. पण तो आता घरी यायचा नाही, हे मी मान्य करायला बसलेय, तर ते कुणाला तरी मोठ्याने सांगायला हवं.

सून : मी सोडायला येते. बाहेर बसेन.

सासू : नको, तू कामावर जा. मला रस्ता ठाऊक झालाय.

समुपदेशक : बुधवारी सकाळी दहा वाजता?

सासू : दहा. वहीत लिहून ठेवा. आणि सुरुवातीला थोडा वेळ मी नुसतीच बसेन, तेवढं चालवून घ्या.