खरा रडलेला माणूस

— म्हणून आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. कावळाच होता असं मला आठवतं — म्हणजे मालन तसं म्हणाली, आणि इतक्या वेळा म्हणाली की आता मला तो कावळा दिसतोसुद्धा — पण त्या क्षणी मी काय पाहिलं? काही नाही. मी पाठमोरा होतो. बसा ना, उभे काहून? त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडे बसा. मालन बाजाराला गेली आहे, येईलच. हो, मालनबाई, माझी पत्नी, ज्यांना भेटायला तुम्ही पुण्याहून आलात त्याच. आणि मी — असं बघू नका हो — मी अमृतराव पाईकराव. दीर नाही, भाऊ नाही. तोच. कैलासवासी. पाणी घ्या.

मुळापासून सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ कमी होईल. माझा होत नाही, ते सोडा. दोन हजार दोन साली नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, कॅन्सर आहे, पण संथ आहे. मी म्हणालो, मग काय करायचं? म्हणाले, वाट पाहायची. कशाची? तर म्हणाले, तो वाढायची. आता सांगा, सगळा जन्म प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे कसं ऐकवतं? दुखत नाही, खुपत नाही, गोळी नाही — नुसती वाट. घरी बोलावं तर मालन काळजी करणार, बाहेर बोलावं तर माणसं लगेच भेटायला येणार — शहाळी घेऊन, डोळे बारीक करून. म्हणून स्टँडजवळ प्रेमदासनं नवा इंटरनेट कॅफे काढला होता तिथं मी जायला लागलो, आणि तिथं मला तो ग्रुप सापडला. सगळे याच आजाराचे, सगळे वाट पाहणारे. कॅनडातली एक बाई, कोचीनचे एक पाद्री, आणि पुण्याचे निवृत्त इंजिनिअर रूपसिंग राठोड. तुमचे वडील. हो, मला माहीत आहे ते गेले, तुम्ही दारातच सांगितलंत, मला अजून ते नीट — थांबा, आधी हे सांगू द्या. तिथं प्रत्येक जण नावाखाली आपल्या पांढऱ्या पेशी किती ते लिहायचा, जशी आपण पदवी लिहितो. मीही लिहायचो. पीएच.डी., आणि खाली पेशी. काय सांगू, बरं वाटायचं. तिथं कुणी डोळे बारीक करत नव्हतं. करत असतील तर दिसत नव्हते.

तर पुढच्या उन्हाळ्यात, मे महिना असेल, मी अंगणात लिंबाखाली वाचत बसलो होतो आणि मागून काहीतरी काळं आलं, डोक्यावर फाडकन मारून गेलं. मालन ओट्यावर निवडत बसली होती. सूप टाकून उठली — ‘कावळा! कावळा शिवला तुमाला!’ आता तुम्ही पुण्यात वाढलात, तुम्हाला ठाऊक नसेल. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण जवळ आलं. मग उपाय काय? तर तो माणूस मेला असं खोटंच नातेवाइकांना कळवायचं. ते रडले की मरण फसतं — झालं एकदाचं म्हणून निघून जातं — आणि माणसाचं आयुष्य वाढतं. मग सांगायचं, जिवंत आहे, रडू नका. मी म्हणालो, मालन, माझ्या वडिलांनी छप्पन साली हे सगळं सोडलं. तू विहारात पहिल्या रांगेत बसतेस. आपण सोडलंय ना हे? तर म्हणाली, ‘आपुन सोडलं ते मला ठावं हाय. कावळ्याला ठावं हाय का?’

आणि खरं सांगू — मला ते नको होतं असंही नाही. रक्तात ते असताना डोक्यावर काळं काही येऊन आपटलं की पीएच.डी. फार लांब जाते. तीही गोगलगायींवर आहे माझी. तर मालननं कुरुंद्याला तिच्या भावाला फोन लावला. आवाज बारीक केला, सांगितलं, तुमचे दाजी गेले. तो पलीकडून म्हणतो, ‘काहून गं, कावळा शिवला का काय?’ आणि हसला! सगळ्यांना ठाऊकच ना, रडणार कोण? हट्टा गावच्या तिच्या बहिणीनं तर विचारलं, दाजींना फोन द्या. मी घेतला. म्हणजे काय, संपलंच. मालन रडायला लागली. खरी. मी म्हणालो, बघ, रडली ना एक जण. तर डोळे पुसत म्हणाली, ‘घरच्याचं चालत न्हाई.’ मग जरा वेळानं म्हणाली, ‘तुमचे ते कंप्युटरवाले लोक हायेत ना? त्यांना कुठं ठावं असंल कावळ्याचं?’

मी गेलो. हो, स्वतःच गेलो, दुसरं कोण टाइप करणार? ‘डॉ. अमृतराव पाईकराव यांचे आज सकाळी निधन झाले. — त्यांची पत्नी, मालन.’ प्रेमदास मागून वाचत होता. म्हणाला, ‘सर, हे तुमीच लिहून राहिले का?’ मी म्हणालो, कावळा. तो तांड्यातला, लगेच समजला. पंखा माझ्याकडे फिरवला. तिथं कुणी गेलं की सगळे पेटत्या मेणबत्तीचं चित्र पाठवायचे, ज्योत हलणारी. माझ्यासाठी इतक्या मेणबत्त्या आल्या की कॅफेची मशीनच अडकली. घरी आलो तर मालन दारात — ‘रडले का?’ मी म्हणालो, मेणबत्त्या लावल्या. ‘मेणबत्त्याचं काय करू? डोळ्यात पाणी आलं का?’ परत गेलो. पिवळे, वाटोळे, रडके चेहरे आले होते. सांगितलं. ‘चित्राचं पाणी नगं.’ आता मी कुणाकुणाला विचारणार, की बाई, आपण माझ्यासाठी प्रत्यक्ष रडलात काय? पण दुसऱ्या दिवशी तुमच्या वडिलांचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं — ‘मी आज रडलो. मुलगा घरात होता म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडलो.’ मी ते मालनला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, ‘बास. एक पुरतो.’ आणि चहा टाकला.

मग परत जिवंत का नाही झालो? हेच विचारणार ना तुम्ही? मी बसलो होतो लिहायला. बराबर बसलो होतो. पण इंग्रजीत लिहून पाहा तुम्ही — ‘कावळा शिवला, सबब मी वारलो होतो, आता बरा आहे.’ कॅनडाच्या बाईला काय समजणार? आणि वर तुमच्या वडिलांचं पुढचं पत्र आलेलं, मालनच्या नावानं. ‘बाई, तुमच्या यजमानांना एक विचारायचं राहून गेलं. भीती वाटली की ते काय करायचे? मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही.’ आता याला मेलेला माणूस उत्तर कसं देणार? आणि जिवंत झालो तर ते परत कशाला विचारतील — खोटं मेलेल्याला? म्हणून मी मालन म्हणून लिहिलं. एकदाच लिहिणार होतो.

पण मालन काय म्हणेल हे मला कुठं ठाऊक होतं? इतक्या वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं. म्हणून घरी येऊन सहजच असल्यासारखं विचारलं — समज, मला भीती वाटली, तर तुला कळेल का? ती म्हणाली, ‘तुमी भ्यालात की पायाचा अंगठा हलवीत बसता. नांदेडहून आल्यापास्नं हालूनच राहिला.’ मी खाली पाहिलं. हलत होता. मग तू बोलली का नाहीस? ‘तुमी लपवीत होता. लपवू दिलं.’ हे मी जसंच्या तसं इंग्रजी करून पाठवलं. तसंच चालू राहिलं. त्यांनी विचारायचं, मी मालनला विचारायचं, मालननं भाजी चिरता चिरता सांगायचं, मी प्रेमदासकडं जायचं. तिला वाटायचं म्हाताऱ्याला आता गप्पांची आवड लागली. म्हणजे तुम्ही ज्या बाईंना भेटायला आलात त्या आहेत — खऱ्या आहेत — फक्त त्यांनी लिहिलं हे त्यांना ठाऊक नाही.

आणि एक — सांगू की नको? सांगतो. एकदा तुमच्या वडिलांनी लिहिलं, ‘तुम्हीही एकट्या, मीही एकटा, एकदा कळमनुरीला येऊन जावं म्हणतो.’ मला इतका राग आला! माझ्या बायकोला! आणि मी मरून वर्षही झालं नव्हतं! किती दिवस कॅफेकडे फिरकलो नाही. मालन म्हणाली, ‘काय झालं, कुणाशी भांडलात?’ काय सांगणार, तुझ्यावरून भांडलो? शेवटी मीच कळवलं की आमच्याकडे पाहुणे आलेत, सध्या नको. हसता? हसा. तेही हसले असते.

तुम्ही दारात विचारलंत ना, शेवटी पपा घाबरले होते का, मला काहीच बोलले नाहीत — म्हणून आलात. घाबरले होते. खूप. मे महिन्यात मफलर घालायचे ना? तुम्ही हसायचात म्हणे, ‘पपा, मफलर काहून?’ मानेला गाठी आल्या होत्या, त्या झाकायला. मला लिहिलं, मालनला लिहिलं — मुलाला कळलं तर तो नोकरी सोडून बसेल, काय करू? मी मालनला विचारलं, एकाला अशा गाठी आल्यात, लेकराला सांगत नाही. ती म्हणाली, ‘सांगू नगं म्हनावं. लेकराचा हात धरावा अन् गाठीवर ठिवावा. हातानं कळतं ते तोंडानं न्हाई.’ मी तेच पाठवलं, शब्दन् शब्द तसाच ठेवला, एवढं नीट इंग्रजी मी आयुष्यात केलं नसेल. — ठेवला होता त्यांनी? मफलर काढून? — असू द्या. असू द्या, मी खिडकी बंद करतो, ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर.

फाटक वाजलं. आली मालन. हे बघा, तिला पत्रांचं काही बोलू नका. एवढंच सांगा की पुण्याचे ते जे रडले होते, त्यांचा मी मुलगा. तेवढं ती ओळखते. अजून उन्हाळा आला की म्हणते, ‘त्या पुन्याच्या मानसाच्या पान्यावर जगून राहिलात तुमी.’ डॉक्टर अजून वाट पाहू म्हणतात, आणि ती त्यांना आतून हसते. ते गेले हेही तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं — डोळे पुसा. पुसू नका, राहू द्या, तिला बरं वाटेल. आणि ते दुसरं तर मुळीच काढू नका — अजून सांगितलं नाही का मी? चार वर्षांनी, दोन हजार सातच्या मे महिन्यात, त्याच लिंबावरून मालनचा तो कावळा पोस्टमनच्या डोक्यावर आला. या वेळी मी समोर होतो. शेपटी मधून दुभंगलेली. पुस्तक काढून खात्री करून घेतली. तो कावळा नव्हताच, कोतवाल पक्षी होता — घरट्यात पिलं असली की तो जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही मारतो. ये गं, ये, पाहुणे आलेत.