चौथ्या मजल्याच्या फेऱ्या

तपासनीस: वीज वाचवायच्या योजनेत जिन्यात नवे दिवे लागले, पंखे बदलले. लिफ्टला मात्र कुणी बोटही लावलं नाही. मग तिची वीज निम्म्यावर कशी, मामा?

लिफ्टमन: चांगलंच झालं की, मॅडम.

तपासनीस: झालं, पण का झालं? कारण सापडलं नाही तर मीटर बिघडलंय असं लिहून ही बचत मला खोडावी लागेल.

लिफ्टमन: मीटर बिचारं सरळ आहे.

तपासनीस: मग वाकडं कोण?

लिफ्टमन: मी. माझी नोकरी जाईल, मॅडम.

तपासनीस: आधी सांगा तर.

लिफ्टमन: लिफ्ट रिकामीच चौथ्यावर जायची. म्हणजे, मी असायचो आत. तिथं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळ लावून घ्यायला जायचो.

तपासनीस: दिवसातून किती वेळा?

लिफ्टमन: वीस-बावीस. मागं पडायचं.

तपासनीस: पडायचं, की तुम्ही पाडायचात?

लिफ्टमन: ...वर जाताना काटा जरा फिरवायचो.

तपासनीस: अहो मामा! दुकान कुणाचं?

लिफ्टमन: घड्याळबाईंचं. एकट्याच असतात. डोळ्याला भिंग लावून बसतात. मान वर करत नाहीत, पण हसतात.

तपासनीस: मग जाणं का थांबलं? भांडलात?

लिफ्टमन: छे! आता त्याच खाली येतात. लिफ्टमध्ये त्यांचा जीव गुदमरतो, आणि जिन्यात भरदिवसा काळोख. सकाळी माझ्या बॅटरीच्या उजेडात चढल्या की संध्याकाळपर्यंत वरच. दिवे लागले, आणि दुसऱ्याच दिवशी चार वाजता टपटप उतरल्या! तेव्हापासून रोज येतात; चार चुकायला नकोत म्हणून मी काटा फिरवणंच सोडलं.

तपासनीस: म्हणजे जिन्यातल्या दिव्यांनी लिफ्टची वीज वाचवली! मग बचत योजनेचीच. खोडायला नको.

लिफ्टमन: आणि माझी नोकरी?

तपासनीस: फेऱ्या बंद का झाल्या, एवढंच मला विचारलंय. लिहिते हं, आधी पेन्सिलीनं: ‘जिना उजळल्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमनना भेटायला खाली येतात.’

लिफ्टमन: ‘भेटायला’ नको! चहाला येतात त्या. कानावर गेलं तर येणंच बंद व्हायचं.

तपासनीस: विचारलंत कधी त्यांना?

लिफ्टमन: माझी काय टाप!

(जिन्यावर पावलं. घड्याळबाई शेवटच्या पायरीवर थांबतात.)

घड्याळबाई: कसला कागद हो?

तपासनीस: विजेच्या बचतीचा. तुम्ही रोज खाली का येता, एवढंच राहिलंय. मामा म्हणतात, चहाला.

घड्याळबाई: माझा पेला रोज तसाच गार होतो. एवढंही दिसत नाही यांना?

तपासनीस: मग काय लिहू?

घड्याळबाई: भेटायला. आणि पेन्सिलीनं नको, शाईनं लिहा.