मधली रेघ

हातात हात घ्या म्हटलं की माणसं घेतात, असं वाटतं तुम्हाला? अरे, मी टीम सांभाळलीय, मला विचारा.

ऐंशीच्या आसपास ठाणे-बेलापूर रोडवरच्या आमच्या कंपनीने कबड्डीची टीम काढली. सगळी आजूबाजूच्या गावांतली विशीतली पोरं, खेळावर घेतलेली. सीझन चांगला गेला तरच परमनंट. मी त्यांचा मॅनेजर. पहिल्या पाचही मॅच हरलो. हिरा आणि बाळाराम, सख्खे चुलत भाऊ, साखळीत शेजारी उभे राहायचे, पण एकमेकांचा हात धरायचे नाहीत. समोरचा नेमका तिथूनच निसटायचा. शेताच्या बांधावरून दोघांच्या बापांची कोर्टात केस, त्यामुळे पोरांचंही बोलणं बंद.

सहावी मॅच कंपनीच्या नव्या ग्राउंडवर होती. सकाळी मी चुन्याची फक्की टाकून मधली रेघ मारत होतो. हिरा बघत होता. म्हणाला, "सायेब, बांध हितं नव्हता. हातभर तिकडं व्हता."

मागून बाळाराम ओरडला, "खोटं बोलतो! हितंच व्हता!"

तेव्हा मला कळलं, नव्या शहरासाठी सरकारने घेतलेलं हे त्यांचंच शेत.

दोघं तावातावाने भांडले. सीझनभरात पहिल्यांदाच बोलत होते. मग दोघांचीही नजर खाली गेली. समोर सपाट मैदान आणि माझी पांढरी रेघ.

हिरा हळूच म्हणाला, "बाल्या, आता यो बांध कोनाचा रं?"

बाळाराम पुढं येऊन हिराच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "हात दे."

त्या दिवसापासून साखळी तुटली नाही. दोघं परमनंट झाले. कोर्टात मात्र त्या बांधाच्या तारखा पुढं कित्येक वर्षं पडत राहिल्या.